वशिला आणि गोत

वांद्र्याच्या टेकडीवरची मोत माउलीची, म्हणजे मरियामातेची, जत्रा सप्टेंबरात, ८ तारखेच्या सणानंतरच्या रविवारी सुरू होते आणि आठवडाभर चालते. लहानपणी एका वर्षी मावशीचे बोट धरून मी त्या चढणीवर गेलो असता तिने रस्त्याकडेच्या एका फळीवरून मेणाचा पाय विकत घेतला, रद्दी कागदात गुंडाळून माझ्या हाती दिला आणि वर पोहोचेपर्यंत नीट सांभाळायला बजावले. त्यामुळे त्या वस्तूचे निरीक्षण करायला मला पुष्कळ वेळ मिळाला. गुडघ्याच्या वर चार बोटांवर तो पाय संपत होता, साच्याच्या दोन फाका जिथे मिळाल्या होत्या तिथे पोटरीवरून एक उभी शिवण उतरली होती, बोटे निराळी घडवलेली नसून नुसत्या रेघा ओढून दाखवली होती, आणि माझ्या तळव्याच्या उबेने त्याचा अंगठा किंचित चपटा झाला तेव्हा मावशीचा पाय आता बरा होत नाही अशी धास्ती घेऊन मी उरलेली चढण चढलो. वर देवळात (वसईकडच्या माझ्या आजोळी चर्चला देऊळच म्हणतात) तिने तो पाय अर्पण केला, हात जोडले आणि शेजारच्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटले, “आई, माझ्या गुडघ्याचं तेवढं त्याच्या कानावर घाल.” तिच्या मागे उभी असलेली बाई मात्र “आई, पाय बरा कर,” एवढेच म्हणाली. त्या वयात मला या दोन वाक्यांत काही भेद जाणवला नाही. पुढे वाचन वाढले तेव्हा ध्यानात आले की संतांची आळवणी करावी की करू नये हा ख्रिस्ती जगातला जुना आणि कडवट वाद बराचसा त्या दोन वाक्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत मावतो.

माझ्या वडिलांचे घराणे नगरचे. १८१३ साली मुंबईत उतरलेल्या आणि १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे मांडून बसलेल्या अमेरिकन प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांच्या परंपरेतले ते घर. तिथे मूर्ती नव्हती, जपमाळ नव्हती, मेणबत्तीसुद्धा दिवे गेल्याखेरीज पेटत नसे. पण आजी पहाटे उठून एक रेघांची बांधीव वही उघडून बसे. तिच्यात माणसांची नावे होती आणि प्रत्येक नावापुढे एकदोन शब्द: परीक्षा, खोकला, कर्ज, मुलीचे लग्न. एकेका नावावर बोट ठेवून ती देवाजवळ त्या माणसाचे मागणे मांडी. मागणे पुरे झाले की शिसपेन्सिलीने शेजारी बारीकशी खूण करी, आणि पुरे झाले नाही तर ते नाव पुढच्या पानावर उतरवून घेई. रविवारी उपासना सुटल्यावर मंडळीतली माणसे तिला गाठून “बाई, माझ्यासाठी प्रार्थना करा,” असे सांगत. यात ख्रिस्त हाच एकमेव मध्यस्थ या सिद्धांताला बाध येतो असे पाळकांना किंवा आणखी कोणाला कधी वाटले नाही.

आजी गेली तेव्हा मावशी वसईहून भेटायला आली. ओसरीवर बसून, डोळे पुसत, ती अगदी सहज म्हणाली, “आता तिला सांगितलं की काम झालं. ती तर आता त्याच्या जवळच आहे.” काका तिच्यापेक्षा कितीतरी अधिक रडले होते, पण ते मृदू आणि ठाम स्वरात म्हणाले, “ताई, ती त्याच्या जवळ आहे हे खरं. पण गेलेल्यांशी बोलायची आम्हांला मोकळीक नाही.” मग बराच वेळ कोणी काही बोलले नाही. आदल्या रविवारपर्यंत जिला हक्काने सांगायचे तिला या रविवारपासून सांगायचे नाही, मधल्या आठवड्यात ती देवापासून दूर न जाता त्याच्या अधिक समीप गेली असे आपणच गीतांतून गायलो असूनही सांगायचे नाही, हा निर्बंध माझ्या कोवळ्या मनाला फार निष्ठुर वाटला. मी आज काकांच्या बाजूने जितके बोलू शकतो तितके त्या दिवशी बोलू शकलो नसतो, हे मला प्रथमच कबूल केले पाहिजे.

काकांची बाजू साधी नाही. मराठीत ‘संत’ म्हटले की ज्ञानोबा-तुकोबा डोळ्यांपुढे येतात, आणि कॅथलिकांनी तोच शब्द पेत्र, पौल, अंतोन, फ्रान्सिस यांना लावला. मराठी पवित्र शास्त्रात मात्र पौलाच्या पत्रांतल्या मूळ ग्रीक शब्दाला ‘पवित्र जन’ असा प्रतिशब्द आहे, आणि पौलाने तो लावला आहे तो आपसांत भांडणाऱ्या, कोर्टकचेऱ्या करणाऱ्या करिंथच्या जित्याजागत्या मंडळीला. श्रद्धा ठेवणारा प्रत्येक जण पवित्र जन असेल तर त्यांतल्या काहींनाच वेगळे काढून उंच चौथऱ्यावर बसवण्याचा अधिकार कोणाला, हा प्रॉटेस्टंटांचा पहिला प्रश्न आहे. दुसरा अधिक मर्माचा: तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात देव आणि मानव यांच्यामध्ये एकच मध्यस्थ सांगितला आहे, तो ख्रिस्त, मग या मध्यस्थाकडे जायला आणखी मध्यस्थ नेमणे म्हणजे त्याच्या दयाळूपणावर अविश्वास दाखवणे नव्हे काय?

हा प्रश्न ज्याने सर्वांत मोठ्याने विचारला तो स्वतः एका संतिणीला हाक मारून मठात गेला होता. २ जुलै १५०५ रोजी कायद्याचा विद्यार्थी असलेला मार्टिन लूथर मान्सफेल्टच्या घराहून एरफुर्टला परतत असताना श्टोटर्नहाइम गावाजवळ वादळात सापडला, अंगाशेजारी वीज कोसळली, आणि त्या भयात त्याने मरियेची आई संत आन्ना हिचा धावा करून संन्यासाचा नवस बोलला. तो खाणीच्या धंद्यातल्या बापाचा मुलगा, आणि आन्ना ही खाणकऱ्यांची कैवारी; तेव्हा ते नाव त्याच्या ओठी घरातूनच आले असले पाहिजे. पंधरवड्याच्या आत तो मठाच्या दारी उभा होता. लूथरच्या पुढच्या साऱ्या बंडाला या क्षणाची पार्श्वभूमी आहे असे मी समजतो: ख्रिस्त हा केवळ उग्र न्यायाधीश, म्हणून त्याच्या क्रोधापासून वाचवायला आन्ना, मरिया, कोणीतरी मवाळ मनाचे हवे, ही शिकवण त्याने बालपणी अंगात मुरवून घेतली होती, आणि ख्रिस्तच मुळी कृपाळू आहे हे त्याला जेव्हा उमगले तेव्हा त्या साऱ्या मधल्या मंडळींचे प्रयोजनच त्याच्या दृष्टीने संपले. संतांची आळवणी त्याने टाकली ती संतांच्या द्वेषाने टाकली नाही. ख्रिस्ताविषयीची भीती गेली, तिच्याबरोबर आळवणीही गेली.

म्हणूनच लूथरपंथीयांच्या १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीनाम्याचे २१ वे कलम वाचताना त्यातला संयम जाणवतो. संतांचे स्मरण करावे, त्यांच्या श्रद्धेचा आणि सत्कृत्यांचा कित्ता गिरवावा, परंतु त्यांच्याकडे साहाय्य मागावे असे शास्त्र शिकवत नाही, एवढेच ते म्हणते. त्याच्या समर्थनार्थ १५३१ मध्ये लूथरचा सहकारी मेलांख्थोन याने लिहिलेल्या ग्रंथात तर तो आणखी एक पाऊल पुढे येतो आणि, जिवंत संत जसे सबंध मंडळीसाठी प्रार्थना करतात तसे स्वर्गातले संतही सर्वसाधारणपणे करीत असतील, हे देऊन टाकतो. या कबुलीचे महत्त्व वादाच्या धुमाळीत दोन्हीकडच्यांनी पुरेसे ओळखले नाही. आजी तिकडेही वही उघडून बसली असेल हे मेलांख्थोनला मान्य. तिच्या कानी नवे नाव घालायला आपल्याला अनुज्ञा आहे, हे मात्र अमान्य. कॅल्व्हिनने इतकीही सवड ठेवली नाही, आणि इंग्लंडच्या चर्चने आपल्या ३९ कलमांतल्या २२ व्या कलमात ही प्रथा शास्त्राचा आधार नसलेली पोकळ कल्पना म्हणून निकालात काढली. आपल्याकडे केरळात १८३० नंतरच्या दशकात अब्राहाम मल्पान या सुधारक धर्मगुरूने मारामोनच्या चर्चमधली, लोक जिच्यापुढे नवस बोलत अशी संताची लाकडी मूर्ती उचलून विहिरीत टाकली, असे मार थोमा परंपरेत सांगतात. जिवंतांसाठी मृतांना काय विचारता, हा यशया संदेष्ट्याचा सवाल त्याच्या मुखी होता.

आता मूळ दुखण्याकडे येतो. ते शास्त्रवचनांपेक्षा उपमेत दडले आहे. रोमन जगात सामान्य माणसाला वर पोहोचायचे तर कैवारी लागे. कोणी मातबर पाठीशी असल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नसे. ख्रिस्ती धर्म त्या जगात वाढला, आणि ३८६ साली मिलानचा बिशप अँब्रोझ याला गेर्वासियुस व प्रोतासियुस या हुतात्म्यांच्या अस्थी सापडल्या तेव्हा त्याने आपल्या नगराला जणू कैवारीच लाभले अशा भाषेत त्यांचे स्वागत केले. दरबाराची ही उपमा लोकांना इतकी सोयीची वाटली की ती कायमची रुजली. हुजूर बसले आहेत, देवडीवर पहारा आहे, आपल्यासारख्याला आत कोण सोडतो, तेव्हा आतल्या कोणाचा तरी वशिला बघावा, त्याची शिफारस आणावी, त्याला काही नजर करावे. आश्चर्य असे की, त्याच चौथ्या शतकात रोमकरांस लिहिलेल्या पत्रावर भाष्य करणाऱ्या एका अनामिक लेखकाने (विद्वान त्याला अँब्रोझियास्टर म्हणून ओळखतात) मूर्तिपूजकांशी वाद करताना या उपमेची मुळेच उपटून टाकली होती. राजाकडे अंमलदारांमार्फत जावे लागते ते राजा माणूस असल्यामुळे, राज्यकारभार कोणावर सोपवावा हे त्याला कळत नसल्यामुळे. देवापासून काहीच लपलेले नसताना त्याच्याकडे जायला शिफारस करणारा कशाला, भाविक मन पुरे, असा त्याचा युक्तिवाद आहे. तो ज्यांच्याविरुद्ध केला ते बाहेरचे होते. पण लागू तो घरच्यांनाही पडतो.

ही उपमा किती दूरवर नेता येते ते आपल्या मुलखातच घडलेल्या एका प्रसंगात दिसते. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने गोव्यावर चाल करून जुवे बेट घेतले आणि राजधानीवर बाका प्रसंग आला, तेव्हा पोर्तुगीज विजरई कोंद द आल्व्होर जुन्या गोव्याच्या बॉम जेझू देवालयात गेला, संत फ्रान्सिस झेवियरची शवपेटी त्याने उघडवली आणि आपला अधिकारदंड व राजाने दिलेली सनद त्या मृत देहाच्या हवाली केली. राज्य आता तुमचे, तुम्हीच राखा, असा त्याचा अर्थ. पुढे मोगल शाहजादा शहाआलम कोकणात उतरल्याने मराठ्यांना मोहीम आवरती घ्यावी लागली, आणि गोव्याच्या लोकांनी त्याचे श्रेय आपल्या ‘गोंयच्या सायबा’ला दिले. नंतरचे कित्येक विजरई अधिकारावर येताना त्या थडग्यापाशी जाऊन दंड स्वीकारीत. ज्या माणसाने आयुष्याची शेवटची दहा वर्षे कोळ्यांच्या आणि रोग्यांच्या वस्त्यांतून फिरण्यात घालवली, जो चीनच्या किनाऱ्यालगतच्या बेटावर जवळजवळ एकाकी मेला, त्याला मरणोत्तर सुभेदारी मिळाली आणि विजरई त्याचा मुतालिक झाला. त्या दिवशी पलीकडच्या छावणीतही माणसे आपल्या आई भवानीला साकडे घालीत असतील. देवाच्या दरबारात आमचा माणूस तुमच्या माणसापेक्षा वजनदार, अशा थराला ही श्रद्धा पोहोचली की तिच्यात ख्रिस्ताचे काही उरत नाही, आणि इथे मी निःशंकपणे काकांच्या बाजूला बसतो.

परंतु कॅथलिक चर्चने खरोखर काय शिकवले हेही पाहिले पाहिजे. झेवियर मरण पावला ३ डिसेंबर १५५२ रोजी. बरोबर अकरा वर्षांनी, ३ डिसेंबर १५६३ रोजी, ट्रेंट येथील परिषदेने आपल्या पंचविसाव्या म्हणजे शेवटच्या बैठकीत या विषयावरचा ठराव संमत केला. संतांची आळवणी करणे चांगले आणि उपयुक्त आहे, असे तो ठराव म्हणतो. ती आवश्यक आहे, तिच्यावाचून तारण नाही, असे म्हणत नाही. शिवाय या बाबतीतल्या अंधश्रद्धा आणि घाणेरडा पैका यांचा बीमोड करण्याची जबाबदारी तो बिशपांवर टाकतो, म्हणजे लूथरच्या तक्रारीतला तथ्यांश तो नाव न घेता पदरात घेतो. उपासनेच्या भाषेतही हा विवेक सांभाळलेला आहे. संतांच्या नाममालेत देवाचे नाव आले की लोक ‘दया कर’ म्हणतात आणि संताचे नाव आले की ‘आमच्यासाठी विनंती कर’ म्हणतात. क्रियापद बदलते, आणि सारे धर्मशास्त्र त्या बदलात आहे. मावशीने ते धर्मशास्त्र कोठे शिकले नव्हते, पण ‘कानावर घाल’ म्हणताना ती तंतोतंत तेच बोलत होती. मागच्या बाईचे वाक्य घसरलेले होते. ती असे बोलली म्हणून तिला मूर्तिपूजक ठरवायला मी तयार नाही. दुखणाऱ्या पायाने टेकडी चढून आलेल्या माणसाकडून क्रियापदांचा हिशेब मागू नये. मात्र अशी वाक्ये हजारोंनी बोलली जातात आणि ती सावरण्याचा तिथे फारसा प्रयत्न होत नाही, हा आरोप खोटा नाही.

मग दरबार सोडून दिला तर उरते काय? घर उरते, गोत उरते. ज्या अध्यायात एकच मध्यस्थ सांगितला आहे त्याच अध्यायाच्या पहिल्या ओळीत, सर्व माणसांसाठी विनंत्या, प्रार्थना, मध्यस्थीची मागणी करावी असा पौलाचा आग्रह आहे; चारच ओळींच्या अंतराने या दोन गोष्टी सांगताना त्यांत त्याला विरोध दिसला नाही, कारण ख्रिस्ताचे मध्यस्थ असणे वेगळे आणि त्याच्या घरच्यांनी एकमेकांची काळजी त्याच्यापुढे आणणे वेगळे. रोमच्या आप्पिया मार्गावरील संत सेबास्तियानच्या भुयारी दफनभूमीत एका भिंतीच्या गिलाव्यावर तिसऱ्या शतकातल्या साध्यासुध्या ख्रिस्ती लोकांनी टोकदार वस्तूने कोरलेली अक्षरे आहेत: पेत्र आणि पौल यांना उद्देशून, आमच्या अमक्यासाठी मागणे करा, आमच्या तमक्याची आठवण ठेवा. ते लोक मृतांच्या स्मरणार्थ भोजनाला जमत, जेवत, आणि जाताना भिंतीवर आपल्या माणसाचे नाव ओढून जात. त्या गिलाव्याचे चित्र मी प्रथम पाहिले तेव्हा मला दुसरे काही न आठवता आजीची वही आठवली. तिथे दरबार नाही, जेवणाची पंगत आहे. पंगतीतली दोन माणसे उठून आतल्या खोलीत गेली आहेत आणि बाहेरचे त्यांना हाक देऊन सांगत आहेत.

ते आत ऐकू जाते काय, हा खरा अवघड प्रश्न. ४०६ साली बेथलेहेमहून हिएरोनिमुसने (जेरोमने) हुतात्म्यांच्या भक्तीवर टीका करणाऱ्या गॉलच्या विजिलांशियुसवर जळजळीत शब्दांत तुटून पडताना विचारले होते की प्रेषित आणि हुतात्मे देहात असताना, स्वतःचीच विवंचना असताना, जर दुसऱ्यांसाठी प्रार्थना करू शकत होते तर विजयाचा मुकुट मिळाल्यावर ती शक्ती घटते की काय? प्रश्न बिनतोड आहे, पण तो प्रार्थना करण्याविषयीचा आहे, ऐकण्याविषयीचा नाही. ऐकण्याविषयी सर्वांत प्रामाणिक मी ऑगस्टीनला समजतो. नोलाच्या पॉलिनुसने त्याला विचारले होते की संताच्या समाधीशेजारी मृताला पुरल्याने त्याचे काही हित होते काय; उत्तरादाखल लिहिलेल्या छोट्या ग्रंथात ऑगस्टीन आपल्या आईवर येतो. जी मोनिका माझ्या ओढीने समुद्र ओलांडून, जमीन तुडवून माझ्यामागे आली, तिला जर मृत्यूनंतर इकडच्या व्यवहारांत भाग घेता येत असता तर एकही रात्र ती मला भेटायला आल्यावाचून राहिली नसती, आणि ती तर येत नाही. तेव्हा मृतांना आपले आपण काही कळत नसावे, असे तो म्हणतो. सत्तरीकडे झुकलेल्या त्या बिशपाने, आई जाऊन तीसहून अधिक वर्षे लोटल्यावर, एका शास्त्रार्थाच्या मध्यावर हे लिहावे, याने माझे मन दर वेळी हलते. तरीही तो दार लावून घेत नाही. देवदूतांकडून, किंवा देवाच्याच आत्म्याने प्रकट केल्यामुळे, त्यांना जितके कळायला हवे तितके कळत असेल, अशी फट तो ठेवतो. आणि पुढच्या काळात थॉमस अक्वायनसने त्याच फटीतून, संत देवालाच पाहतात आणि त्याच्या ठायी आपली मागणीही पाहतात, असा मार्ग काढला.

यावर प्रॉटेस्टंटांचा आक्षेप ठरलेला आहे आणि तो काकांनीही मला ऐकवला होता: म्हणजे मी संताला सांगायचे, ते देवाने त्याला कळवायचे, आणि मग त्याने ते देवाला सांगायचे, हा हेलपाटा कशासाठी? कचेरीत हा हेलपाटा हास्यास्पदच ठरेल. घरात मात्र सारे असेच चालते. बापाला ठाऊक असलेली गोष्ट मूल आईजवळ बोलते, आई ती पुन्हा बापाकडे काढते, बाप ती प्रथमच ऐकत असल्यासारखा मान हलवतो, आणि यात कोणाची फसवणूक होत नाही. कारण तिथे माहिती पोहोचवायची नसतेच मुळी, एका माणसाचे दुःख तिघांचे करायचे असते. देवाला आपल्या कोणत्याच प्रार्थनेने नवे काही कळत नाही. तरीही तो आपल्याला मागायला सांगतो, आणि एकमेकांसाठी मागायला सांगतो. आजीच्या वहीचे समर्थन ज्या न्यायाने होते तोच न्याय मृत्यूच्या उंबऱ्याशी येऊन थबकावा की पलीकडेही लागू व्हावा, एवढाच मग मतभेद उरतो. मला तो थबकतो असे वाटत नाही. काकांना वाटत असे, आणि त्यांच्या मनात ख्रिस्ताच्या मोठेपणाला कोठे धक्का लागू नये ही जी तळमळ होती तिच्यापुढे मी आजही नम्र होतो. नारायण वामन टिळक तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आल्याचे सांगत. त्यांनी तुकोबांची आळवणी केली नाही, पण मृत संताचे ऋण जिवंत माणसाच्या ऋणासारखे मानले. आमच्या प्रॉटेस्टंट घरांतही पलीकडच्यांशी काही नाते चालू असते, त्याला आम्ही फक्त शब्द देत नाही.

माझ्यापुरते सांगायचे तर दोन्ही घरांचे संस्कार अंगात असल्यामुळे मला पुरते कोणा एकासारखे वागता येत नाही. नगरच्या दफनभूमीत आजीच्या कबरीशी उभा राहिलो की तिला उद्देशून बोलायला जीभ रेटत नाही, काकांचा तो ओसरीवरचा स्वर आडवा येतो. आणि न बोलता परत फिरणेही होत नाही. मागच्या खेपेला मावशीचे दुसरे ऑपरेशन ठरले होते. गवत काढले, दगडावरची धूळ रुमालाने पुसली, आणि डोळे मिटून मी देवालाच म्हणालो की, मावशीच्या पायाचे तुला ठाऊक आहेच, तेवढे आजीच्या कानावर घाल, म्हणजे ती वहीत लिहून घेईल.